पाय मंदावलेल्या लाइनबॅकरला संघ एवढे पैसे का मोजतो?

मार्च उजाडला की अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडूंच्या करारांचा हंगाम सुरू होतो आणि दरवर्षी एक वाद नव्यानं पेटतो. तेहतीस-चौतीस वर्षांच्या एखाद्या खेळाडूला कुठलातरी संघ लाखो डॉलर देऊन घेतो. अर्धे चाहते खूश होतात, अर्धे कपाळावर हात मारतात. २०२४ च्या मार्चमध्ये हा वाद आमच्या दारात आला. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. वॉशिंग्टन कमांडर्स या संघाचं सरावाचं मैदान इथेच, ॲशबर्नला आहे. आजूबाजूला मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे रविवारचा सामना बहुतेक वेळा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पोह्यांसोबत बघितला जातो. त्या मार्चमध्ये कमांडर्सनी बॉबी वॅग्नर नावाच्या लाइनबॅकरला घेतलं. जूनमध्ये त्याला ३४ वर्षं पूर्ण होणार होती.

साताऱ्याहून माझ्या मामांचा फोन आला तेव्हा त्यांना मी ही बातमी सांगितली. मामा तरुणपणी तालुक्याच्या संघातून कबड्डी खेळलेले. ते म्हणाले, "अगं, त्या वयात आम्ही शिट्टी घेऊन पंचाच्या जागी उभे राहायला लागलो होतो. एवढ्या धसमुसळ्या खेळात त्याला पैसे देऊन घेतात कशासाठी?"

त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही. नंतर दोन हंगाम मी मुद्दाम या एकाच माणसावर नजर ठेवून सामने बघितले. जे उमगलं ते इथे मांडते आहे, ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांनाही कळेल अशा बेतानं.

आधी मैदान

दोन्ही बाजूंना ११ खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू त्यांना १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. (एक यार्ड म्हणजे मीटरला थोडा कमी.) दहा यार्ड गाठले की पुन्हा चार प्रयत्न, असं करत करत शेवटच्या रेषेपर्यंत जायचं. प्रत्येक प्रयत्न कबड्डीतल्या चढाईसारखा सुटा असतो. मधला खेळाडू चेंडू दोन पायांतून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. मग पाच-सहा सेकंद झुंबड, शिट्टी, आणि पुन्हा सगळे आपापल्या जागी.

चेंडू पुढे नेण्याचे मार्ग दोनच: हातात घेऊन पळायचं, नाहीतर पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. कुठला मार्ग घ्यायचा हे चढाई करणारे आधी ठरवून येतात आणि शेवटच्या क्षणापर्यंत लपवतात. त्यांचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक.

अडवणाऱ्यांच्या साधारण तीन रांगा असतात. पुढे भिंतीसारखी धिप्पाड माणसं, मागे चपळ पळणारे, आणि या दोहोंच्या मध्ये लाइनबॅकर. पुढच्यांचं काम बहुतांशी ताकदीचं, मागच्यांचं बहुतांशी वेगाचं. लाइनबॅकरला दोन्ही करावं लागतं. चेंडू घेऊन कुणी पळत आला तर पुढे घुसून त्याला पाडायचं, आणि फेक येणार असेल तर उलटं मागे धावून जागा झाकायची. दोन्हींतलं काय होणार हे ओळखायला त्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. या मधल्या रांगेच्या मध्यभागी जो उभा राहतो त्याला खेळाडू 'माइक' म्हणतात. वॅग्नर तो.

शिट्टी आणि स्नॅप यांच्या मधला वेळ

टीव्हीवर बघताना आपण या वेळात चहा आणायला उठतो. माइकचं खरं काम तेव्हाच चाललेलं असतं.

एक प्रयत्न संपला की पुढचा सुरू करायला साधारण ४० सेकंद असतात. अडवणाऱ्या संघातल्या एका खेळाडूच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ बसवलेला असतो. प्रशिक्षक त्याच्याशी बोलतो. ही सोय क्वार्टरबॅकना १९९४ पासून आहे, अडवणाऱ्यांना मात्र २००८ पासून मिळाली. रेडिओ कुणाकडे आहे ते पंचांना कळावं म्हणून शिरस्त्राणाच्या मागे हिरवा ठिपका चिकटवतात. तो बहुधा माइकच्या डोक्यावर दिसतो.

हा रेडिओ घड्याळात १५ सेकंद उरले की बंद पडतो. नियमच तसा आहे. म्हणजे प्रशिक्षक सांगणार, माइक ते उरलेल्या दहा जणांना ओरडून आणि हातवारे करून पोचवणार, आणि मग शेवटचे १५ सेकंद तो एकटा. समोरचे याच वेळात डाव बदलतात. डावीकडचा खेळाडू उठून उजवीकडे जातो, मागे उभा असलेला एकजण बाहेर सरकतो, क्वार्टरबॅक काहीतरी ओरडतो. आता प्रशिक्षकाचा निरोप शिळा झाला. कुणाच्या वाट्याला कोण आलं, कुठली फट कुणी बुजवायची, हे नव्यानं सांगावं लागतं, तेही साठ-सत्तर हजार लोकांच्या आरड्याओरड्यात. घरचं मैदान असेल तर आपलेच प्रेक्षक समोरच्यांना गोंधळवायला गर्जना करतात. त्या गर्जनेत आपल्याच माणसांनाही काही ऐकू येत नाही.

वॅग्नरला या वेळात बघत राहावं. पाठ प्रेक्षकांकडे, दोन्ही हात हलताहेत. पुढच्या रांगेतल्या धिप्पाड गड्याच्या कमरेवर थाप मारून तो त्याला एक पाऊल डावीकडे सरकवतो. मान वळवून मागच्याला दोन बोटं दाखवतो. मग पुन्हा समोर, गुडघे वाकवून. गंमत अशी की समोरचा क्वार्टरबॅकही त्याच्याकडेच बोट दाखवत असतो. त्याचा क्रमांक ५४, म्हणून "चोपन्न माइक आहे" असं तो आपल्या माणसांना ओरडून सांगतो, कारण कुणी कुणाला रोखायचं याची त्यांची मोजणीही या एका माणसापासून सुरू होते.

पण हे तरुणाला का जमू नये?

जमतं, उशिरा. आणि तोवरचे सामने हातचे जातात.

माइक समोर चेंडू शोधत नसतो. तो समोरच्या रांगेतल्या दोन गार्डांकडे, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या जाड्याजुड्या माणसांकडे बघतो. गार्ड झटक्यात पुढे खाली वाकून आला तर बहुधा पळापळीचा डाव. तोच ताठ उठून मागे सरकला तर फेक येणार. रांगेतून निघून तो बाजूला धावू लागला तर चेंडू त्याच दिशेनं जायचा. हे पाठ्यपुस्तकातलं झालं. समोरच्यांनाही ते ठाऊक असतं, म्हणून ते गार्डला मुद्दाम खोटं नाचवतात. पळण्याचा आव आणायचा, लाइनबॅकर दोन पावलं पुढे आला की त्याच्या डोक्यावरून मागे फेकायचं. नव्या पोराला या एकाच युक्तीनं एका दुपारी पाच वेळा फसवतात.

मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे कोपऱ्यातला गडी." कबड्डीत कोपरारक्षक पोरगा असला की चढाईपटूनं पाय नुसता पुढे केला तरी तो घोट्यावर झेप घेतो. पाय मागे जातो, पोरगा जमिनीवर. जुना कोपरारक्षक पायाकडे बघतच नाही, कमरेकडे बघतो. कंबर खोटं बोलत नाही.

वय झालेला खेळाडू मंदावलेला वेग कसा भरून काढतो, त्याला घाटातल्या एसटीचं उदाहरण चपखल बसतं. जुन्या ड्रायव्हरच्या हातात गाडी सावकाश चालतेय असं वाटतं, पण वळणाच्या आधी तो कधी गिअर उतरवतो ते बघा. त्याला वळणावर ब्रेक दाबावाच लागत नाही, त्यामुळे नव्या पोराच्या मागे तो फारसा राहत नाही. तसंच इथे. तरुण लाइनबॅकर चुकीच्या दिशेनं एक पाऊल टाकतो आणि वेगाच्या जोरावर परत येतो. वॅग्नरला परत येणं आता जड जातं, म्हणून तो ते चुकीचं पाऊल टाळतो. दीड पावलाचा फरक. खेळातला बहुतेक हिशेब या दीड पावलाचाच असतो.

आणि त्याची किंमत त्याच्यापुरती नसते. माइकनं वेळेवर हाक दिली तर उरलेल्या दहाही जणांचं अर्धं-अर्धं पाऊल वाचतं. म्हाताऱ्या लाइनबॅकरचं मोल कशात, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन: तो इतरांचा वेळ वाचवतो. हे काम त्याच्या नावावर कुठेच जमा होत नाही, म्हणून वाद होतात.

मग वय काही हिरावून घेतच नाही?

घेतं, आणि तेही डोळ्यांसमोर घेतं. २०१६ मध्ये सिएटलकडून खेळताना वॅग्नरनं ॲरिझोनाविरुद्ध समोरच्या रांगेवरून सरळ उडी मारून चेंडूची किक अडवली होती. तो सामना ६-६ असा बरोबरीत सुटला. तो देह आता राहिलेला नाही.

मैदानाची रुंदी जवळजवळ ४९ मीटर. चपळ धावपटू चेंडू घेऊन कडेला सुटला तर त्याला तिरकं कापत गाठावं लागतं. तिथे नुसतं ओळखून भागत नाही. फेकीच्या डावात तर अडचण आणखी उघडी पडते. आजकाल क्वार्टरबॅक अर्ध्याहून जास्त वेळा चेंडू फेकतात, आणि समोरचा प्रशिक्षक आपला वेगवान गडी मुद्दाम जुन्या लाइनबॅकरसमोर आणून ठेवतो. ओळखलं तरी पोचायचं कसं?

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण बॉल्टिमोरच्या रे लुईसचं. २०१२ च्या हंगामात तो ३७ वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये दंडाचा स्नायू फाटला आणि शस्त्रक्रिया झाली. हंगाम संपला असं सगळ्यांनी धरलं होतं. जानेवारीत हाताला जाडजूड आधारपट्टा बांधून तो बाद फेरीसाठी परतला, आणि हा शेवटचा प्रवास असं त्यानं आधीच जाहीर केलं. चार सामन्यांत त्यानं ५१ टॅकल केले. टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं. ३ फेब्रुवारी २०१३ ला न्यू ऑर्लिन्समध्ये बॉल्टिमोरनं सॅन फ्रान्सिस्कोला ३४-३१ असं हरवून सुपर बोल जिंकला.

त्याच अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचा व्हर्नन डेव्हिस मधल्या पट्ट्यात पुन्हा पुन्हा मोकळा सापडत होता. त्यानं १०४ यार्ड कमावले, आणि त्याच्यामागे धावणाऱ्या लुईसचं वय सगळ्या जगानं बघितलं. शेवटची दोन मिनिटं मात्र वेगळी होती. ३४-२९ अशी आघाडी, समोरच्यांना फक्त पाच यार्ड हवेत, आणि तीन प्रयत्न बाकी. पाच यार्डांत वेगाला जागाच उरत नाही. तिन्ही फेकी वाया गेल्या. चौथ्या प्रयत्नाला क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाऊन त्याला घाईत फेकायला लावलं ते लुईसच्या शेजारच्या डॅनेल एलर्बीनं. जुना लाइनबॅकर कुठे उघडा पडतो आणि कुठे पुरा पडतो, दोन्ही त्या एका रात्रीत दिसलं.

टॅकलचे आकडे बघून ठरवता येत नाही का?

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या आकड्यांनी भल्याभल्यांना चकवलं आहे.

२०२३ मध्ये वॅग्नरनं १८३ टॅकल केले. संपूर्ण लीगमध्ये सर्वांत जास्त. वय ३३. या एकाच आकड्यावर त्याचे चाहते वाद संपवतात. पण त्याच वर्षी त्याचा सिएटल संघ पळापळीचे डाव रोखण्यात जवळजवळ तळाला होता. आदल्या वर्षी, वॅग्नर नसतानाही, तळालाच होता. मग १८३ चा अर्थ काय लावायचा?

एक तर पुढची भिंत कच्ची असली की चेंडूवाला सारखा लाइनबॅकरपर्यंत पोचतो, आणि टॅकल वाढतात. दुसरं, दोन यार्डांवर पाडलं काय आणि आठ यार्डांवर पाडलं काय, खात्यात एकच टॅकल. शेतात पाणी शिरल्यावर किती बादल्या उपसल्या यावरून बांध किती मजबूत ते कळत नाही, तसंच हे.

म्हणून मी आकडा सोडून एवढंच बघते की त्याच्या डाव्या-उजव्या हाताचे लोक स्नॅपच्या वेळी स्थिर उभे आहेत की एकमेकांकडे बघून हात हलवताहेत. दुसरं दिसलं तर हाक पोचलेली नाही. याची नोंद प्रशिक्षक ठेवतात, आणि करार तेच करतात.

पैशाचा हिशेब

आता मूळ प्रश्न, एवढे पैसे का?

खरं तर पैसे "एवढे" नाहीतच. इथे सॅलरी कॅप समजून घ्यावी लागते. लीगमधल्या प्रत्येक संघाला खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करता येईल याची मर्यादा ठरलेली असते, सगळ्यांना सारखी. मालक कितीही श्रीमंत असो. २०२४ मध्ये ती प्रत्येकी २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. त्यात ५३ जणांचा संघ चालवायचा. म्हणजे हे ठरलेल्या रकमेत लग्न उरकण्यासारखं आहे: दागिन्यांवर जास्त गेले की जेवणावळीला कमी.

वॅग्नरला वॉशिंग्टननं एका वर्षासाठी जास्तीत जास्त ८५ लाख डॉलर देऊ केले. एकूण मर्यादेच्या साधारण ३.३ टक्के. याच वॅग्नरनं २०१९ मध्ये, ऐन भरात असताना, सिएटलशी तीन वर्षांचा ५ कोटी ४० लाखांचा करार केला होता. दलाल न नेमता वाटाघाटी स्वतः केल्या होत्या. त्या वेळी मधल्या लाइनबॅकरांत तो सर्वांत महागडा ठरला. म्हणजे वर्षाला १ कोटी ८० लाखांवरून तो निम्म्याच्याही खाली आला. डोकं तेच, उलट अधिक मुरलेलं. कमी झाला तो पायांचा भाव.

एकच वर्ष का, याचंही कारण आहे. शरीर कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि मोठ्या करारात आधी दिलेली घसघशीत रक्कम हिशेबात पुढच्या वर्षांवर विभागलेली असते. खेळाडू मध्येच सोडला तर ती उरलेली रक्कम मर्यादेतून कापली जातेच. माणूस गेला तरी हप्ता चालू. एका वर्षाच्या करारात ही भीती नाही.

ज्यांना वॅग्नरएवढा भाव नाही अशा जुन्या खेळाडूंसाठी लीगनं आणखी एक सोय ठेवली आहे. अनुभवानुसार किमान पगार वाढत जातो. सात वर्षं किंवा त्याहून जास्त खेळलेल्याला २०२४ मध्ये किमान १२ लाख १० हजार डॉलर द्यावे लागत. साहजिकच संघ म्हणाले असते, त्यापेक्षा नवा पोरगा परवडला. म्हणून नियम असा की जुन्याला एका वर्षासाठी किमान पगारावर घेतलं तर मर्यादेच्या हिशेबात ९ लाख ८५ हजारच धरायचे. खेळाडूच्या हातात पूर्ण रक्कम पडते, संघाच्या खात्यात कमी लागते. हा नियम नसता तर तिशी ओलांडलेले कितीतरी गडी घरी बसले असते. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

एवढा उपयोगी होता तर आधीच्या संघांनी सोडला कसा?

सिएटलनं त्याला २०२२ च्या मार्चमध्ये, दहा वर्षांच्या सेवेनंतर सोडलं. ही बातमी आपल्याला संघाकडून आधी कळली नाही, याचं दुःख त्यानं जाहीरपणे बोलून दाखवलं. तेव्हा त्याचा भाव मर्यादेला झेपत नव्हता आणि संघ नव्यानं बांधायला काढला होता. लॉस एंजेलिस रॅम्सनी पाच वर्षांचा करार करून एका वर्षात सोडलं. मग तो पुन्हा सिएटलला आला, एका वर्षासाठी, बराच स्वस्तात. यातून दिसतं ते असं की म्हाताऱ्या लाइनबॅकरला ठराविक असं मोल नसतंच. त्याचं मोल संघ कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं.

वॉशिंग्टनचा टप्पा बघा. २०२३ मध्ये ४ विजय, १३ पराभव. नवा मालक, नवा व्यवस्थापक, नवे मुख्य प्रशिक्षक डॅन क्विन. हे क्विन २०१३ आणि २०१४ मध्ये सिएटलच्या बचावाचे प्रमुख होते, आणि त्यातल्या पहिल्या हंगामाअखेर सिएटलनं डेन्व्हरला ४३-८ असं लोळवून सुपर बोल जिंकला तेव्हा मध्यभागी वॅग्नरच उभा होता. प्रत्येक प्रशिक्षकाची डावांची स्वतःची बोली असते. एका शब्दात अकरा जणांच्या हालचाली गुंडाळलेल्या असतात. ही बोली ठाऊक असलेला एक माणूस मैदानात असणं म्हणजे परक्या मुलखात गेलेल्या दिंडीला वाट माहीत असलेला चोपदार मिळणं.

२०२४ मध्ये संघ १२-५ वर गेला आणि अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडे, फिलाडेल्फियाशी ५५-२३ असा हरला. आमच्याकडे काहीजण याचं श्रेय वॅग्नरला देतात. मला ते पटत नाही. मोठा वाटा जेडन डॅनियल्स या नवख्या क्वार्टरबॅकचा होता, आणि पळापळीचे डाव रोखण्यात वॉशिंग्टन तेव्हाही मागेच होतं. फिलाडेल्फियाच्या सेक्वॉन बार्कलीनं त्या सामन्यात आपल्या संघाच्या पहिल्याच प्रयत्नात ६० यार्ड पळून गुण घेतले. पुढच्या वर्षी वॅग्नर पुन्हा होता, हाकाही त्याच होत्या, पण डॅनियल्स जायबंदी झाला आणि संघ घसरला. जुना लाइनबॅकर उभं घर सावरतो, पाया घालून देत नाही.

आणि तरुणाची जागा अडते त्याचं काय?

कधी कधी अडते. पण सिएटलच्या जॉर्डन ब्रुक्सचं बघा. २०२० मध्ये पहिल्या फेरीत निवडलेला हा पोरगा दोन हंगाम वॅग्नरच्या खांद्याला खांदा लावून खेळला. २०२१ मध्ये त्यानं १८४ टॅकल केले, आणि पुढच्या वर्षी वॅग्नर गेल्यावर त्याची जागा घेतली. शेजारी कुणी हाका देत असेल तर नवख्याला पहिली दोन वर्षं फक्त धावायचं असतं. बोलायला तो मागाहून शिकतो.

देह काय मोजतो

हे लिहिल्याशिवाय लेख पुरा करणं मला योग्य वाटत नाही. लाइनबॅकर दर सामन्यात कित्येकदा डोकं-खांदा पुढे करून आदळतो. वॅग्नरच्या बरोबर, २०१२ मध्येच, ल्यूक कीकली नावाचा लाइनबॅकर लीगमध्ये आला होता. समोरच्यांचा डाव आधीच ओळखून मोठ्यानं सांगण्यात त्याचा हातखंडा. मेंदूला पुन्हा पुन्हा झालेल्या धक्क्यांनंतर तो २०२० च्या जानेवारीत, २८ व्या वर्षी निवृत्त झाला. ज्या डोक्यामुळे त्याला मोल होतं तेच वाचवायला तो गेला.

ज्युनियर सेयाउ २० हंगाम खेळला, शेवटची चार वर्षं न्यू इंग्लंडकडून, वयस्क आधारस्तंभ म्हणून. २०१२ मध्ये ४३ व्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं. मेंदूच्या तपासणीत सततच्या आघातांमुळे होणारा सीटीई हा ऱ्हास आढळला. त्या सुमारास नियम कडक झाले, सरावातले आघात कमी झाले. जुन्या खेळाडूंना आठवड्यातल्या एखाद्या सरावाला विश्रांती देतात, आणि संघाच्या रोजच्या दुखापत-यादीत त्यांच्या नावापुढे चक्क "विश्रांती" असं छापून येतं. तरी मी वॅग्नर पडला की तो उठेपर्यंत श्वास धरते. त्याला खेळताना बघायला आवडतं आणि त्यानं आता थांबावं असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

भोगीची सकाळ

१२ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनचा टॅम्पा बेशी बाद फेरीचा सामना होता. साताऱ्यात १३ तारखेची सकाळ, भोगीचा दिवस. मामा साडेसहापासून फोनवर होते, मागे मामींचा तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्यांचा आवाज. टॅम्पाकडून लव्हॉन्टे डेव्हिड खेळत होता. तोही लाइनबॅकर, तोही २०१२ चा, तोही पस्तिशीला टेकलेला, आणि त्याचाही क्रमांक ५४. दोन्ही बाजूंना चोपन्न.

चौथ्या सत्रात टॅम्पा १७-१३ नं पुढे. त्यांच्या क्वार्टरबॅकनं पळत येणाऱ्या साथीदाराच्या हातात चेंडू द्यायला घेतला आणि तो निसटला. चेंडू जमिनीवर गडगडला आणि वॅग्नर त्याच्यावर पडला. तिथून वॉशिंग्टननं आघाडी घेतली, आणि शेवटी खांबाला लागून आत गेलेल्या किकनं सामना २३-२० असा जिंकला.

बेसमेंटमध्ये आम्ही सगळे नाचत होतो. मामा मात्र म्हणाले, "ते राहू दे, चेंडू कुणालाही सापडतो. त्याच्या आधीचं परत लाव." मी मागे नेऊन लावलं. समोरचा गडी डावीकडून उजवीकडे धावायला लागला तसा वॅग्नरचा हात वर गेला, शेजारचा दोन पावलं सरकला, आणि मग चेंडू सुटला.

"आता बघ," मामा म्हणाले, "कमरेकडे बघतोय."